ढोलीतली बाई

१७ मार्च, सोमवार

गटाच्या रजिस्टरात जे लिहिता येत नाही ते आजपासून या वहीत लिहिणार. ट्रेनिंगच्या मॅडम म्हणल्या होत्या, "शिलाताई, पाहुण्यांचं काम म्हणजे शिस्त, रोज लिहीत चला." रजिस्टरात मी शिस्तीतच लिहिते. आज पाहुणे सहा, पिठलं-भाकरी सहा ताटं, तक्रार नाही. पण सहातला एक जण माझ्या ज्वारीच्या भाकरीला "पापड आहे का हा" म्हणला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ते कोणत्या रकान्यात लिहू?

आमचं गाव खडकतळा. कळमनुरीहून जीपनं पाऊण तास. गावामागं तळं, तळ्याला लागून थोडं रान, आणि रानाच्या तोंडाशी म्हातारा लिंब. नांदेडचे, वाशिमचे लोक पाखरं पाहायला येतात, त्यांचं जेवण आणि रानात फिरवणं आमच्या बारा बायांच्या गटानं घेतलंय. मी अध्यक्ष. येत्या २४ एप्रिलला जिल्ह्याहून पाहणी टीम येणार आहे. त्यांना जागा पसंत पडली तर निसर्ग पर्यटन केंद्राची मंजुरी, मग बारा घरांना गावातच बारमाही काम. नाही पडली तर पुन्हा जीपमध्ये कोंबून घेऊन दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढायला. बा म्हणतो, "शिले, लई उड्या मारू नको, सरकारी काम हाय." बाला काय, त्याला सगळं आधीच माहीत असतं.

पाहुण्यांच्या खोल्यांसाठी शेजारच्या फकीरभाईंनी सहा गाद्या भरून दिल्या होत्या. पिंजाऱ्याचा हात तो, गादीवर बसलं की उठू वाटत नाही. पण फेब्रुवारीत माणूस गेलं. तेव्हापासून त्यांची बायको अजराभाबी इद्दतीत बसलीय. चार महिने दहा दिवस घराचा उंबरा ओलांडायचा नाही. गटातली माझी सगळ्यात कामाची बाई, आणि ऐन वेळी घरात. मला हे पटत नाही. मी तिच्या तोंडावर म्हणले पण.

२८ मार्च, शुक्रवार

लिंबाच्या ढोलीत धनेशाचा जोडा आलाय! घारीएवढं करडं पाखरू, चोचीवर शिंग. वनरक्षक संतराम तर हरखूनच गेला. एवढ्या खाली, दोन पुरुष उंचीवर, धनेश घर करत नाही म्हणे. त्यानं बांधाच्या मोठ्या दगडाजवळ, झाडापासून चांगलं लांब दोरी बांधली. "ताई, पिल्लं उडूस्तोर ह्या दोरीच्या आत माणूस येऊ देऊ नका." मी म्हणलं, बराबर.

अजराभाबीच्या मागच्या खोलीची खिडकी नेमकी ढोलीसमोर उघडते. संध्याकाळी तिला भाजी द्यायला गेले तर खिडकीशीच बसलेली.

"शिला, मादी आत गेली. आता दार लिंपून घेऊन राहिली."

"कोण लिंपतं?"

"तीच. आतून."

मला हसू आलं. "भाबी, मी सोता पाह्यलं. नर चोचीत चिखल घेऊन येऊन राहिला. तो कोंडून राहिला तिला."

"आणून देतो तो. लिंपते ती."

"तुमी आत काय जाऊन पाह्यलं?"

"तू गेल्ती का?" ती म्हणली आणि पुन्हा बाहेर पाहायला लागली. म्हणे फक्त एक बारीक फट राहील. नर त्यातून चारा देईल आणि लेकरं जरा जाणती होईस्तोर ती आतच राहील. फकीरभाईंना असल्या गोष्टी माहीत होत्या, लिंबाखाली बसूनच ते कापूस पिंजायचे.

माझ्या अंगावर काटा आला. सेनगावला सासरी होते तेव्हा माझा नवरा दिपक कामावर जाताना बाहेरून कडी घालायचा. तीन वर्षं. शेजारीण दाराच्या फटीतून पाण्याचा पेला सरकवायची. एक दिवस मी पाट्याचा वरवंटा घेऊन कडी तोडली आणि माहेरी आले ती आलेच. तेव्हापासून कोंडलेली बाई दिसली की माझं डोकं फिरतं, ती माणसाची असो की पाखराची.

भाबीला म्हणलं, "तुमी दोघी बसा आता एकमेकीचं तोंड पाहत." ती रागावली नाही. "मला कोनी कोंडलं न्हाई गं. पंचवीस वर्षं त्या माणसासंगं कापूस पिंजत उभीच होते. आता त्याच्या नावानं चार महिने बसते. मला बसायचंय."

हट्टी आहे. तिला कळत नाही, की कळूनही वळत नाही, देव जाणे.

३१ मार्च, सोमवार

ईद. भाबीच्या पोरीनं, मंतशानं, शीरखुर्मा आणून दिला. भाबीनं नवे कपडे घातले नाहीत, पण शीरखुर्मा दरवर्षीसारखाच. बा दोन वाट्या प्यायला. मंतशा म्हणली, अम्मी रोज मोजते, नर दिवसातून वीस-बावीस वेळा येतो. मी म्हणलं, तिला दुसरा धंदा काय आहे बिचारीला.

६ एप्रिल, रविवार

मागच्या आठवड्यात एका नांदेडच्या पाहुण्यानं धनेशाचा फोटो काढून मोबाइलवर टाकला. नर फटीत चोच घालतो आणि आतून दुसरी चोच बाहेर येते, असा. "कैदेतली राणी" लिहिलं खाली. सकाळी सातला उठून पाहते तर बांधावर मोटारसायकलीच मोटारसायकली! दुपारपर्यंत सत्तर माणसं. लेकरं, म्हाताऱ्या, नळकांड्याएवढ्या कॅमेऱ्याची माणसं. भाकरी थापून थापून बायांच्या मनगटांना गोळे आले. खडकतळ्यात एवढी माणसं मी फक्त निवडणुकीत पाहिली होती.

सगळे ओरडायला लागले, इतक्या लांबून काय दिसतं, दोरी पुढं घ्या. मी आधी नाही म्हणले. मग एक जण म्हणला, "मॅडम, फुटाण्याएवढं पाखरू दाखवायला बोलावलं का?" लोक हसले. मला लागलं ते. दोरी सोडली आणि निम्म्यावर आणून बांधली. संतरामला काय कळतंय, तो तर रानात वणवे लागले म्हणून तिकडं अडकलाय.

अजून एक डोकं लढवलं. भाबीच्या घराच्या गच्चीवरून ढोली अगदी हाताला येते. मंतशाला विचारून पंधरा-पंधरा माणसं वर सोडली. भाबीलाही चार पैसे होतील, घरात बसून का होईना. मंतशा "बरं" म्हणली. एवढंच म्हणली.

७ एप्रिल, सोमवार

भाबीनं खिडकी लावून घेतली आणि आतून गोधडी टांगली. काल गच्चीवरची दोन पोरं वाकून खिडकीत डोकावली म्हणे, आणि एकानं कॅमेरा आत वळवला. मंतशानं हे सांगताना माझ्याकडं पाहिलं नाही. मी म्हणलं, पोरं आहेत, तुम्ही मनावर घेऊ नका.

आधी घर, आता खिडकीही बंद. बाई स्वतःच स्वतःला गाडून घेतेय. मला लई राग आला, आणि राग कोणाचा ते नीट कळलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी वंदना झाली, मग मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभी राहून सांगितलं की आपल्या बायांची दारं ज्यानं उघडली त्याचा हा दिवस, आणि ज्या अजून आत आहेत त्यांना बाहेर काढणं आपलं काम. टाळ्या पडल्या. बाच्या डोळ्यांत पाणी आलं.

सुट्टी असल्यानं लिंबापाशी माणूस मावत नव्हता. दुपारी पाहिलं तर नवरदेव तळ्यापलीकडच्या वडावर बसलेला, चोचीत लाल फळ. किती वेळ बसला! इकडं यायचा, अर्ध्यातून परत फिरायचा, पुन्हा वडावर. शेवटी फळ स्वतःच गिळलं मेल्यानं. मी पाहुण्यांना म्हणलं, "पाहा, बायको आत उपाशी अन् हा तिथं मजा मारून राहिला." सगळे हसले.

१९ एप्रिल, शनिवार

तीन दिवसांची जोडून सुट्टी, माणसं मावेनात. दोरी कोणीतरी तुडवली, ती मी आता बांधतच नाही.

पण आज गोष्ट वेगळी झाली. एक कॅमेरावाले काका काल आणि आज सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत बसून होते. ते म्हणले, "ताई, नर आज एकदाही आला नाही. कालही नाही." पाच दिवसांनी टीम आहे आणि दाखवायचं काय, मेलेलं पाखरू? आणि खरं सांगते, टीमच्या आधी मला ती फट दिसली. आतली चोच फटीतून थोडी बाहेर यायची, उघडायची, मिटायची. तिला तहान लागलेली असणार. त्रेचाळीस डिग्री ऊन आहे.

संतरामला सहा वेळा फोन लावला, लागला नाही. भाबीला जाऊन विचारलं, नर येतो का. ती गोधडी टांगलेल्या अंधाऱ्या खोलीत बसून होती. "मला काय माहीत? बारा दिस झाले, मी पाहतच न्हाई. तुहे लोक खालून-वरून पाहत असतात." मग म्हणली, "मानसं हटव शिला. तो येईल."

पुरुषांच्या जातीवर हिचा एवढा भरवसा. मला माहीत आहे, गेला की गेला.

२० एप्रिल, रविवार

लिहायला हात धरत नाही. तरी लिहिते, नाहीतर उद्या मी मलाच खोटं सांगेन.

सकाळी नऊपर्यंत नर आला नाही. मी तांड्यावर जाऊन नेमसिंगला आणलं. मधाची पोळी काढतो तो, असल्या झाडावर चढणं त्याला जिना चढल्यासारखं. त्याला म्हणलं, ढोलीचं लिंपण फोड, तिला मोकळी कर.

तो लिंबाखाली उभा राहून वर पाहत राहिला. "शिलाबाई, माहा बाप म्हणायचा, लिंपेल ढोलीला हात लावू न्हाई."

"काहून?"

"ते त्यानं सांगितलं न्हाई. लावू न्हाई म्हणला."

"तुह्या बापाच्या काळी बायांनाबी कोंडून ठेवायचे. चढ."

चढला. खाली शंभर माणसं, शंभर मोबाइल वर. कोणीतरी जयजयकार केला. आणि मी, मी सगळ्यात पुढं उभी, पदर खोचून, जणू मीच झाडावर चढलेय. नेमसिंगनं कोयत्याच्या टोकानं लिंपण ठोकलं. ते निघेना. दगडासारखं झालेलं. त्यानं जोरात हाणलं तेव्हा एक ढेकूळ आत पडलं आणि आतून आवाज आला. तसा आवाज मी जन्मात ऐकला नाही. लेकराच्या रडण्यासारखा नाही, बाईसारखाही नाही.

भोक मोकळं झालं तशी ती बाहेर झेपावली. उडाली नाही. दगड पडतो तशी पडली. दोन पुरुष उंचीवरून, धप्पकन, माझ्या पायाशी.

तिला पंखच नव्हते. म्हणजे पंख होते, पण त्यांना पिसं नव्हती. शेपूट नव्हतं. नुसते खुंट. ती चोच उघडी टाकून मातीत गोल गोल फिरत होती आणि उठायला गेली की एका अंगावर पडत होती. वरून नेमसिंग ओरडला, "हिची पिसं सगळी आत पडेल हायत! शिलाबाई, एक पिल्लू हाय गं, उघडं! अन् अंडं... अंडं फुटलं ढेकळानं."

मला वाटलं नरानंच उपटली पिसं. एवढं होऊनही मला तेच वाटलं! माणसं पुढं सरकायला लागली. "साइड द्या, साइड द्या," सगळे मोबाइल मातीतल्या त्या पाखरावर. एकानं तिला बुटानं जरा वळवलं, चोच नीट दिसावी म्हणून. मी पदर खोचलेली तशीच उभी.

आणि गर्दी दुभंगली. मला आधी कळलंच नाही का. मग पाहिलं. अजराभाबी चालत येत होती. इद्दतीतली बाई, अनवाणी, भर दुपारी, शंभर परक्या माणसांतून. सगळं गाव जाग्यावर थिजलं. बा तर ओट्यावरून उठून उभा राहिला. ती कोणाकडं पाहत नव्हती. आली, खाली बसली, ओढणीचा पदर पाखरावर टाकला आणि दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरलं. पाखरू अंधारात गेलं तसं गप झालं.

"पानी आन," ती मला म्हणली. मी पळाले.

परत आले तर ती नेमसिंगला सांगत होती, पिल्लाला हात लावू नको, फुटलेलं तेवढं बाहेर काढ. मग मला म्हणली, "हिला पुन्हा आत ठेवा. पिसं येईस्तोर ही बाहेर जगत न्हाई. ती सोताच गाळते पिसं, आत गेल्यावर. आमचे हे सांगायचे." मी म्हणलं, "तुमी मला हे सांगितलं न्हाई." ती म्हणली, "तू ऐकत होती का?"

मी विचारलं, "भाबी, तुमी बाहेर आल्या... तुमची इद्दत?"

"जरूरत असली तर बाई बाहेर येऊ शकते. तुला काय वाटलं, मला कुलूप लावेल हाय?"

हे तिनं इतक्या साधेपणानं विचारलं की मला तिथंच जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

मग मी तोंड उघडलं. माणसांना जे बोलले ते या वहीतही लिहिता येत नाही. अर्ध्या तासात बांध रिकामा. नेमसिंगनं तिला वर नेऊन आत ठेवलं. ती त्याच्या अंगठ्याला चावली, रक्त आलं, तो शिव्या न देता हसला. भोक तर केवढं मोठं झालेलं, साप जाईल, मांजर जाईल. मी तळ्याची काळी माती आणली, शेण कालवलं, भिंत सारवतात तसं. शिडी लावून स्वतः चढले. चार बोटांची फट ठेवली. लिंपताना ती आतून माझ्याकडं पाहत होती, आणि मी तिला कोंडत होते. या हातांनी कडी तोडली होती, त्याच हातांनी.

संध्याकाळ झाली. नर आला नाही.

२१ एप्रिल, सोमवार

संतराम आला, भुरकट झालेला, राखेनं. मी सगळं सांगितलं, दोरीपासून. शेवटी तो म्हणला, "ताई, मला हे वर लिहून कळवावं लागंल. तुमच्या नावासगट." मी म्हणलं, लिही. मग त्यानं सांगितलं, गर्दी असली की नर ढोलीवर येत नाही, चारा घेऊन लांब बसून राहतो, माणसं जायची वाट पाहत. चारचार तास.

वडावर बसलेला, चोचीत लाल फळ. आणि मी पाहुण्यांना हसवत होते.

"आता येईल का तो?"

"येईल किंवा न्हाई. ढोली मोडल्यावर काही जोडे सोडून जातात."

दोरी पुन्हा दगडाजवळ बांधली. रस्त्यावर काटेरी फांद्या टाकल्या. गटातल्या दोघी बोलून गेल्या की तीन दिवसांवर टीम आलीय आणि अध्यक्षबाईनं वाट बंद केली. त्यांचं चूक नाही. सोयाबीनच्या जीपमध्ये त्याही बसतात.

आजही नर आला नाही. भाबीनं गोधडी काढून खिडकी उघडलीय. तिथं बसून आहे. मी विचारायला गेले नाही, खिडकीखालून दोनदा उगाच गेले, तर तिनं नुसती मान हलवली.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी मंतशा पळत आली, "मावशी, अम्मी बोलावून राहिली." गेले. भाबीनं बोट दाखवलं.

"फट पाह्य."

पाहिली. मी चार बोटांची ठेवली होती. आता ती दोन बोटांचीही नव्हती. कडेनं ओलं, काळसर लिंपण, आत बसवलेलं, माझ्या थापीसारखं सपाट नाही, चोचीच्या टोकांनी ठोकलेलं.

"नर आला होता?"

"न्हाई. उजाडल्यापासून मी हितंच हाय."

"मंग कोणी..."

आम्ही दोघी पाहत होतो तेव्हाच आतून चोचीचं टोक आलं, फटीच्या कडेला घास लावल्यासारखं काहीतरी, आतलीच घाण असणार, लावलं, दाबलं, आणि आत गेलं. उपाशी, तीन-चार दिवसांची उपाशी, पडून खरचटलेली, आणि पहिलं काम काय करत होती तर दार लावून घेत होती. माझं भोक तिला मोठं वाटलं.

मी तिथंच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. माझी कडी बाहेरून होती. तिची आतून आहे. एवढी साधी गोष्ट, आणि मी गावासमोर भाषण ठोकलं. भाबीनं रडू दिलं. मग पाणी दिलं आणि म्हणली, "चल आता, हट तिथून, तुही सावली पडते."

दुपारी सव्वादोनला नर आला. झाडावर नाही, शेजारच्या बोरीवर. बसला, मान वाकडी करून पाहिलं, गेला. चोच रिकामी होती. भाबी म्हणली, घर पाहून गेला.

२३ एप्रिल, बुधवार

सकाळी एकदा चारा दिला. एकदाच. भाबीनं पाहिलं, मी नाही. तेवढ्यात तिकडं बांधावर कोणाची तरी मोटारसायकल फटफटली आणि तो गेला, तो परत नाही. संतराम म्हणतो, हे दोन-तीन दिवस जड आहेत, त्याला भरवसा वाटला तर वाचतील.

उद्या टीम. बायांनी खोल्या सारवल्या, गाद्यांवर नव्या चादरी घातल्या. बानं वीस माणसांच्या चहाचं दूध सांगून ठेवलं.

२४ एप्रिल, गुरुवार

टीम अकराला आली. दोन गाड्या, साहेब, एक मॅडम, बाकी सहा-सात जण. मी फुलं दिली. साहेब गाडीतून उतरताच म्हणाले, "ती कैदेतली राणी कुठं आहे? घरच्यांनी फोटो आणायला सांगितलंय." आणि बांधाकडं चालायलाच लागले. मी दगडापाशी दोरीला पाठ लावून उभी राहिले.

"साहेब, झाड बंद हाय."

"म्हणजे?"

म्हणजे काय ते सांगितलं. मीच दोरी पुढं आणली, मीच ढोली फोडली, अंडं माझ्यापायी गेलं. माझ्या गटातल्या बायांनी कपाळाला हात लावले. बोलताना माझं लक्ष साहेबांच्या खांद्यावरून पलीकडं होतं. वडावर तो येऊन बसला होता. चोचीत फळ. आमच्याकडं पाहत.

साहेब म्हणाले, "ठीक आहे, आम्ही दुरून पाहू. इथंच बसू थोडा वेळ." कोणीतरी सतरंजी काढली. बानं ओट्यावरून हाक मारली, "शिले, चहा उकळला गं!"

तो उडाला, अर्ध्यापर्यंत आला, आम्हाला पाहिलं आणि वळला. पुन्हा वडावर. फळ अजून चोचीतच.

जयंतीच्या दिवशी त्यानं फळ स्वतःच गिळलं होतं. मला माहीत होतं, आज गिळलं की गेला.

मी म्हणलं, "साहेब, तुमी आता जा."

"काय?"

"जा म्हणलं. आत्ता. सगळे. गाड्या गावाबाहेर गेल्यावरच चालू करा, ढकलत न्या."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मग मी जिकडं पाहत होते तिकडं पाहिलं. साहेबांचं तोंड लाल झालं होतं. "बाई, आम्ही इतक्या लांबून आलोय. पाखरू नाही तर मग तुमच्या गावात पाहायचं काय?"

"काहीच न्हाई साहेब. पाहण्यासारखं काहीच न्हाई."

बा हातात ट्रे घेऊन उभा होता. या गावात दारी आलेल्या माणसाला चहा न पाजता कोणी लावून दिलेलं नाही, वैऱ्यालासुद्धा नाही. त्याच्या हातातल्या कपबशा वाजत होत्या. मी म्हणलं, "बा, कप वाजवू नको."

मॅडम आधी निघाल्या. जाताना साहेबांच्या हातातला मोबाइल त्यांनीच खाली केला. मंजुरीचं काय ते त्या बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही. गाड्या खरंच ढकलत नेल्या. बायाही गेल्या, कोणी माझ्याशी बोललं नाही. मी भाबीच्या घरात गेले, मागच्या खोलीत, आणि तिच्यामागं भिंतीला टेकून बसले. खिडकी तिची होती. मला बाहेर पाहायची हिंमत नव्हती.

बराच वेळ गेला. मग भाबी हळू म्हणली, "आला."

मी बसल्या जागीच तिच्याजवळ सरकले.

"झाडावर बसला. ... भोकापाशी गेला. ... देतोय."

"ती घेते का?"

भाबीनं मागं हात करून माझं मनगट धरलं आणि घट्ट दाबलं. मग पुढं पाहतच, तो गळ्यातून काढून देईल तसे घास मोजायला लागली, "एक. ... दोन."

बा तेवढा वेळ भाबीच्या दारात उभा होता, ट्रे तसाच हातात. सगळा चहा गार झाला होता.